आता बटण पडत नाही

२६ नोव्हेंबर

प्रिय टिल्लू,
अनेक आशीर्वाद.

बाबांना दवाखान्यातून घरी आणलं. सोबत ऑक्सिजनचं मशीन आलंय. लहान कपाटाएवढं आहे, दिवसरात्र घुरघुरत असतं. त्याची नळी बाबांच्या नाकात. डॉक्टर म्हणाले, आता हे कायमचं, आणि बंद पडता कामा नये. बाबांनी लगेच मशीनचं बारसं करून टाकलं. त्याला ते कंडक्टर म्हणतात. कारण विचारलं तर म्हणाले, "याने बेल दिल्याशिवाय आपली बस हलत नाही." जन्मभर बस चालवलेला माणूस, आजारपणातही स्टिअरिंग सोडत नाही.

आता तक्रार. तू बोटीवर जायच्या आधी बाबांच्या पलंगाशी या मशीनसाठी तो प्लग-पॉइंट बसवून गेलास, भार जास्त झाला की बटण आपोआप खाली पडणारा. ते सारखं पडतंय रे. आणि पडलं की नुसता दिवा जात नाही, मशीनच बंद होतं. मग ते पीं-पीं करून ओरडतं. मी असेन तिथून धावत येते, बटण वर करते, तर ते पुन्हा पडतं. तोवर बाबांचे ओठ काळेनिळे. परवा मी बाजारात होते, घरात हे एकटेच. बटण वर राहीना. दुकानात चष्म्याच्या बारीक काड्या सरळ करणारा माणूस, पण त्या दिवशी ऑक्सिजनच्या जादा सिलिंडरची चावी यांच्या हातून फिरेना. मी आले तर बाबा यांच्या खांद्यावर मान टाकून बसलेले आणि हे घामाने चिंब. सिलिंडर मी उघडलं. त्या रात्री हे जेवले नाहीत.

ते बटण बिघडलंय का? बदलून घेऊ का? त्या पॉइंटवर मशीनच आहे, आणि थोडं इकडचं तिकडचं. लवकर कळव. तुझी ती रसद आणणारी बोट कधी येते, कधी नाही, देव जाणे. फोन लागत नाही अशा जागी नोकरी कशाला धरलीस, हे मी आता विचारत नाही.

तुझी,
ताई


६ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र आज मिळालं. आम्ही अजून समुद्रातच उभे आहोत. समुद्राच्या तळाशी तुटलेल्या केबलचं एक टोक वर येत नाहीये. कप्तानाचा वायरलेस सोडला तर बाहेरच्या जगाशी संबंध नाही, आणि तो कोणाच्या आईबापाच्या ख्यालीखुशालीसाठी वापरू देत नाहीत.

बटण बिघडलेलं नाही. ते पडतं, कारण ते पडण्यासाठीच बसवलंय. तुझं "थोडं इकडचं तिकडचं" म्हणजे काय, ते मला इथे बसून दिसतंय. हीटर आहे ना? आणि पाणी तापवायची किटली? मशीन काही खात नाही गं, खातो तो हीटर. तो आजच्या आज त्या पॉइंटवरून काढ. बाबांना थंडी वाजत असेल तर आणखी एक पांघरूण घाल.

आणि बटण बदलायचं नाही. का, ते मला समजावून सांगत बसवत नाही. त्या घरातल्या तारा जुन्या आहेत, एवढं लक्षात ठेव. दाजींना सांग, त्या बटणाला हात लावू नका. चष्मेवाल्याने चष्मे करावेत. ज्याला प्लस-मायनस फक्त काचेचं कळतं त्याने विजेच्या नादी लागू नये.

बाबांना नमस्कार. कंडक्टरलाही.

तुझा,
टिल्लू


११ डिसेंबर

प्रिय टिल्लू,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अजून आलं नाही, पण आता काळजी करू नकोस. यांनी सगळं निस्तरलं. दुकानाशेजारच्या हार्डवेअरवाल्याकडून चांगलं मोठं बटण आणलं, तुझ्या बटणापेक्षा तिप्पट ताकदीचं. मेन बंद करून स्वतः बसवलं. तेवढा वेळ बाबांना सिलिंडरवर ठेवलं होतं. आठवडा होत आला, आता बटण पडत नाही. एकदासुद्धा नाही. मशीन चालू, हीटर चालू, किटली चालू, मी तर इस्त्रीही तिथेच करते, म्हणजे बाबांवर लक्ष राहतं.

किती दिवसांनी मी सलग झोपले म्हणून सांगू. पीं-पीं ऐकू येईल म्हणून कान टवकारून पडायचं, ते गेलं. सिलिंडर भरून आणायची घाईही उरली नाही, काटा खाली आलाय पण आता लागतो कुणाला.

बाबांची कळी खुलली आहे. त्यांच्या पलंगामागच्या भिंतीला त्या लाकडी फळ्या आहेत ना, त्या खोली तापल्यामुळे छान उबदार लागतात. बाबा पाठ टेकून बसतात आणि म्हणतात, इंजिनाशेजारच्या सीटसारखं वाटतंय. पूर्वी थंडीत त्या सीटवर बसायला प्रवाशांची भांडणं व्हायची म्हणे.

तू यांना एक ओळ लिही. तुम्हा दोघांचं कधी जमलं नाही, मला माहीत आहे. पण बाबांना धाप लागली की सख्खा मुलगा काय करेल असं हे करतात. तुझ्याकडून चांगला शब्द गेला तर फार बरं वाटेल त्यांना.

तुझी,
ताई


२० डिसेंबर

ताई,

तुझं अकरा तारखेचं पत्र दुपारी हातात पडलं. वाचून मी थेट कप्तानाच्या खोलीत गेलो. दार वाजवायचंही भान राहिलं नाही.

भिंत खोलीच्या उबेने गरम झालेली नाही. त्या फळ्यांच्या मागून तार गेली आहे. ती जुनी आणि बारीक आहे, आणि आता तिच्यातून हीटर, किटली, इस्त्री आणि मशीन असं सगळं एकदम ओढलं जातंय. पूर्वी तार तापू लागली की बटण पडायचं. आता ते मोठं बटण काही बोलणार नाही, तार लाल होईपर्यंत गप्प बसेल. आणि बाबांचं अंथरूण, पांघरूण, उशी, सगळ्यात ऑक्सिजन मुरलेला. त्यात एक ठिणगी म्हणजे काय, ते मला लिहवत नाही.

हे सगळं मी कप्तानाला सांगितलं. तो म्हणाला, इथे प्रत्येकाच्या घरी काही ना काही जळतंय. मी म्हणालो, माझ्या घरी खरंच जळेल, आणि मग इथल्या जनरेटरवर कोणाला उभं करायचं ते तुम्ही ठरवा. धमकी होती ती. त्याने वायरलेसवाल्याला बोलावलं. लांबलचक निरोप जात नाही. दोन वाक्यं पाठवली: "घराचा मेन स्विच ताबडतोब बंद करा. बाबांना घराबाहेर काढा." बंदरावरच्या ऑफिसातून माणूस घरी जाईल.

हे पत्र कुठलीही बोट नेणार नाही, बोट आजच परत गेली. तरी लिहितोय. नुसतं बसून राहता येत नाही.

२१ डिसेंबर

ऑफिसचं उत्तर आलं. "निरोप दिला." एवढंच. कोणाला दिला, ऐकून काय म्हणाले, स्विच बंद केला का, काही नाही. मी पुन्हा विचारायला गेलो तर वायरलेसवाल्याने हात जोडले.

माझ्या डोक्यात एकच चाललंय. मेन बंद म्हणजे मशीन बंद. सिलिंडरचा काटा खाली. निरोपात कारण नाही. दाजी म्हणणार, मेहुण्याला समुद्र लागलाय. आणि तू? माझं ऐकायचं तर बाबांचा श्वास तोडायचा. मी असं काय केलंय तुमच्यासाठी, की तू ते ऐकावंस?

२७ डिसेंबर

बोट आली. तुझं पत्र आहे. अक्षर तुझं, पण वर तारीख सोळा. म्हणजे निरोपाच्या आधीचं. फोडायला हात धजत नव्हता. वाचलं. आता इथेच थांबतो. बोट निघतेय, हे तिच्याबरोबर देतो.

टिल्लू


१६ डिसेंबर

प्रिय टिल्लू,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हीटरबद्दल लिहिलंस ते कळलं, पण ते जुन्या बटणाचं झालं. तुझं पत्र येईपर्यंत नवं बसून गेलं होतं. आता ते काढून पुन्हा जुनं लावा म्हणायचं, तर यांना कारण सांगावं लागेल. कारण तू दिलेलं नाहीस. पत्र दाखवावं तर त्यात ती चष्मेवाल्याची ओळ. टिल्लू, मी ते पत्र यांना दाखवलेलं नाही. डाळीच्या डब्यामागे ठेवलंय. ज्या माणसाने रात्र रात्र बाबांची पाठ चोळली त्याला मी हे वाचायला देऊ? "टिल्लू सगळ्यांना नमस्कार सांगतोय" एवढंच सांगितलं. तू आलास की तूच बघ काय ते.

बाकी ठीक. बाबांच्या खोलीत दोन दिवस कसलासा वास येतोय, मासळी नासल्यासारखा. उंदीर मेला असेल म्हणून पलंग सरकवून पाहिला, काही नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, माझ्या नाकात कंडक्टर बसलाय, मला कुठला वास. हे म्हणतात, रविवारी फळ्या काढून बघू.

जप.

ताई


२३ डिसेंबर

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघितलंस म्हणजे निम्मं पत्र वाचून झालं. गाडी चालू आहे. थांबत थांबत लिहितो, चार ओळी झाल्या की दम घ्यावा लागतो. ताई कागद पुढ्यात घेऊन बसते आणि रडते. जावईबापूंच्या हाताला पट्टी आहे. म्हणून हे काम म्हाताऱ्याकडे.

परवा दुपारी तुझ्या ऑफिसचा माणूस स्कूटरवरून आला. कागद जावईबापूंच्या हातात दिला आणि गेला. त्यांनी तो वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. ताईने विचारलं तर म्हणाले, काही नाही, तुझ्या भावाचं डोकं फिरलंय. तिने खिशातून काढून घेतला. वाचला. मग माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि जिन्याखालच्या मेन स्विचकडे चालू लागली.

जावई आडवे आले. माझ्या पलंगावरून दारातलं सगळं दिसत होतं. त्या माणसाचा आवाज मी इतक्या वर्षांत चढलेला ऐकला नाही. म्हणाले, "बाबांना मी माझ्या खांद्यावर मरता मरता पाहिलंय. तू शेवटी पोचलीस, त्याने तर पाहिलंच नाही. मी हे बंद करू देणार नाही."

ताईने तो कागद त्यांच्यापुढे धरला. मग म्हणाली, "त्याने कारण लिहिलं नाही, म्हणजे कारण लिहायला वेळ नव्हता. बाजूला व्हा."

ते झाले नाहीत. मी खाटेवरून हात वर केला. मला ओरडता येत नाही, हात करता येतो. तीस वर्षं गाडी चालवताना मागून कोणी घाबऱ्या आवाजात थांबा म्हणालं, तर मी आधी ब्रेक मारत आलो, कारण नंतर विचारलं. जावयांना खूण केली, थांबवू नका. त्यांचा चेहरा पडला. पण ते बाजूला झाले.

तिने खटका ओढला. कंडक्टर पीं-पीं करायला लागला. सिलिंडर लावलं तर जेमतेम फुसफुस. तोवर जावईबापूंनी मला उचललंसुद्धा होतं. खुर्ची आणा, चादर आणा, काही नाही, लहान पोराला उचलतात तसं छातीशी धरलं. समोरच्या शिवणक्लासवाल्या बाईंच्या घरी न्यायचं होतं. गल्ली ती केवढी, पण मला पलीकडचं दार दिसेना. डोळ्यांपुढे काजवे. त्यांचं काळीज माझ्या कानाशी धडधडत होतं आणि ते पुटपुटत होते, "बाबा, श्वास घ्या, बाबा, श्वास घ्या." जसं काही मी विसरलोच होतो. मागून ताई मशीन ओढत होती. त्याचं एक चाक गटाराच्या झाकणात अडकलं, तर क्लासच्या मुली धावत आल्या आणि त्यांनी ते उचलून आत नेलं. प्लग लावला. घुरघुर सुरू झाली. पोरा, एवढं गोड गाणं मी जन्मात ऐकलं नाही.

आता पुढचं ऐक. मी सावरलो हे पाहिल्यावर जावई उठले. रागातच होते. ताईला म्हणाले, चल, काही नाही हे तुला दाखवतो, मग तुझ्या भावाला मीच लिहीन. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझ्या पलंगामागच्या फळ्या काढायला लागले. ताईने सांगितलेलं लिहितो. पहिली फळी हाताला सोसवेना इतकी गरम होती. दुसरी काढली तर तारेवरचं प्लास्टिक ओघळून खाली थिजलेलं, तो नासक्या मासळीचा वास त्याचाच, आणि मागची पट्टी कोळशासारखी काळी. तिच्या कडेला लाल रेघ धुमसत होती. वीज बंद होती तरी. फळी निघाली, आत हवा गेली, आणि जाळ वर आला. माझ्या गादीच्या कडेला पोचला. जावईबापूंनी गादी हाताने ओढून अंगणात फेकली. ती तिथे भडाभडा पेटली. ताईने बादल्या ओतल्या. भिंत विझली.

मी त्या गादीवर असतो, नळी नाकात, तर हे पत्र तुला कोणी लिहिलं नसतं.

दोन्ही तळवे भाजले आहेत त्यांचे. डॉक्टर म्हणतात, बोटं वाचतील, पण बारीक काम इतक्यात नाही. दुकानाला कुलूप आहे. माझ्याजवळ येऊन बसतात. काल ताईने तुझं सहा तारखेचं पत्र आणून त्यांच्यासमोर ठेवलं. म्हणाली, हे मी तुम्हाला तेव्हाच दाखवायला हवं होतं. त्यांना हाताने धरता येईना, तिने समोर धरलं. त्यांनी ती ओळही वाचली. दोनदा वाचली असं मला वाटलं. मग म्हणाले, खरं आहे त्याचं.

टिल्लू, मला ते आवडलं नाही. मला ती ओळ खरी वाटत नाही. तू बटण बसवलंस ते बरोबर. पण ते पडलं की माझी जी अवस्था व्हायची ती तू कधी बघितली नाहीस. ती रोज बघून कोणत्याही मायेच्या माणसाने हेच केलं असतं, की काहीतरी करा पण हे बंद पडू देऊ नका. त्यांनी चूक केली. ती त्यांना कळली आहे, हातावर लिहिलेली आहे. तू पुन्हा सांगू नकोस. तू त्यांना पत्र लिही. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. तू मोठा झालास.

मी सध्या शिवणक्लासमध्येच मुक्कामाला आहे. मुली मापं घेताना माझ्यावर सराव करतात. माझी छाती सगळ्यांना पाठ झाली आहे.

तुझे,
बाबा


४ जानेवारी

ती. दाजी,
सा. न.

तुम्हाला हे माझं पहिलंच पत्र. काय लिहावं हे ठरवण्यात बोटीचा एक फेरा हुकवला. बाबांचं पत्र मिळालं. ते वाचून मी इंजिनरूममध्ये जाऊन बसलो, कारण तिथल्या आवाजात कोणाला काही ऐकू येत नाही.

मी ती ओळ लिहिली नसती तर ताईने ते पत्र तुम्हाला लगेच दिलं असतं. तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या, पण हीटर काढला असतात. तुमचे हात त्या ओळीपायी भाजले. बटणापायी नाही.

ते बटण मी कोणी नसलेल्या खोलीत बसवलं. ते पडलं की काय होतं ते मी पाहिलेलं नाही. मी पाहिलं असतं तर एका पॉइंटवर सगळं ठेवलं नसतं, मशीनची लाईन पहिल्याच दिवशी वेगळी काढली असती. ही तर माझ्या धंद्यातली गोष्ट. ती तुमच्या डोक्यावर ठेवून मी इकडे निघून आलो.

कप्तानाने सुट्टी दिली आहे. पुढच्या बोटीने निघतो. मी येईपर्यंत घरातला मेन कोणी चालू करू नये, वायरमनने सांगितलं तरी. आल्यावर सगळ्या भिंतींतली जुनी तार ओढून काढू आणि मशीनला मेनपासून स्वतंत्र लाईन देऊ. तिचं स्वतःचं लहान बटण असेल. हीटर पेटला काय, इस्त्री जळली काय, त्या लाईनला पत्ता लागणार नाही.

तुमचे हात बरे झालेले नसतील, हे मला माहीत आहे. तरी काम मी एकटा करणार नाही. तुम्ही खुर्ची घेऊन माझ्याशेजारी बसा. कुठली तार कुठे जाते आणि का जाते, ते मी एकेक करून सांगतो. मला समजावून सांगता येत नाही असं ताई म्हणते, तेव्हा तुम्हाला समजलं नाही तर पुन्हा विचारा. तिसऱ्यांदाही विचारा. सगळं लागून झालं की मेन तुम्ही चालू करायचा. हातांनी नाही जमलं तर कोपराने.

तुमचा,
टिल्लू